सांध्यांचं देणं

लामूच्या गल्ल्या इतक्या अरुंद
की लादलेलं गाढव समोरून आलं
तर माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं,
पोट आत, सलाम बाहेर.

त्या गाढवांच्या मागे मी, अकरा वर्षांचा.
गोणीत प्रवाळाचे दगड, कुणाच्या तरी नव्या घराचे,
आणि गोणीला भोक.
आणि माझ्या मागे, बराच मागे, म्झे फमाऊ.

गलबतांचे सांधे बुजवण्यात त्याची हयात गेलेली.
फळी आणि फळीच्या मधे तेलात भिजवलेला कापूस
ठोकत ठोकत बसवायचा,
समुद्राला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच काम.
मग फायबरच्या होड्या आल्या, सांधा नसलेल्या,
आणि समुद्र शिरला तो त्याच्याच सांध्यांत:
बोटं, मनगटं, गुडघे
भरती-ओहोटीसारखे सुजायचे, उतरायचे.

तरी तो वाकायचा.
वाकणं म्हणजे त्याला गावाला जाण्याइतकं लांब,
आधी भिंत धरायची, मग या अल्लाह म्हणायचं, मग खाली.
मी सांडलेला दगड उचलायचा,
माशाचा काटा, बाटलीची काच, आंब्याची साल,
एकदा तर कुणाची तरी कवळी
(ती त्यानं धुऊन मशिदीच्या पायरीवर ठेवली.
जुम्म्यापर्यंत तशीच होती, मग गेली).

आम्ही पोरं त्याला कचऱ्याचा सुलतान म्हणायचो.
मोठ्यानं.

पेटीत टाकायला त्याच्याकडे कधीच काही नसे.
उलट रमजानात त्याच्याच दाराशी पीठ यायचं
आणि तो ते घ्यायचा, मान खाली न घालता.
म्हणायचा, घेणारा नसला तर देणाऱ्याचं घोडं अडतं.

एकदा फज्रनंतर गाढव बसलं
नेमकं त्याच्या ओट्यासमोर.
त्यानं खूर मांडीवर घेतला,
गलबताचाच एखादा भाग असावा तसा थोपटला,
आणि पकडीनं खिळा उपसला,
लांब, गंजलेला, बहुधा त्यानंच कधी काळी ठोकलेला.
मी म्हणालो, माझ्याकडे पैसे नाहीत.
तो म्हणाला, माझ्याकडेही नाहीत,
म्हणून तर हे चाललंय.

मग ती वाकडी बोटं माझ्यापुढे धरली.
अंगात जितके सांधे, तितका सदका
रोज सूर्याबरोबर उगवतो, पोरा.
तुझे सांधे बिचारे गप्प असतात,
तुला देणं आठवत नाही.
माझे पहाटेच वसुलीला येतात.
कळ आली की कळतं.

नंतर त्याला ओट्यावरून उठवेना.
तेव्हाही दुकान बंद नव्हतं:
चुकलेल्या प्रवाशाला हनुवटीनं वाट दाखवायची,
म्वानाएशाच्या रडक्या लेकराला भुवया नाचवून हसवायचं.
आणि रोज असरच्या सुमाराला
समोरून बकारी जायचा, ज्यानं त्याला
हिश्शाच्या गलबतात फसवलं होतं, सगळ्या बंदराला ठाऊक.
ओट्यावरचे म्हातारे तेव्हा मुद्दाम गप्प व्हायचे,
आता काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.
फमाऊ सलाम घ्यायचा. बस.
बकारी वळणाआड गेला की
कपाळ पुसून म्हणायचा,
आजचा हा सदका फार महाग पडला.

माझ्या मालकाला त्यानं भोकाबद्दल कधी सांगितलं नाही.
मलाही नाही.
एका दुपारी सहज मागे वळून पाहिलं
तेव्हा माझाच दगड त्याच्या हातात दिसला,
आणि त्यानं तो झटकन पाठीमागे लपवला,
चोरी पकडली गेल्यासारखा.

गोणी मी त्या दिवशी शिवली असं सांगता आलं असतं.
नाही शिवली.
शिवली ती ओटा रिकामा झाल्यावर, तिसऱ्या दिवशी,
सुताड्याला आईकडून गाठ मारून घेऊन.
सुई ओढताना अंगठ्याचा सांधा
जराही दुखला नाही.
दुखायला हवा होता, असं वाटलं.